आपल्या माणसाने जोडलेली वायर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. दह्याच्या डब्यावरची तारीख मी दुकानात बघते आणि घरी आल्यावर पुन्हा बघते. त्यामुळे छपरावर सोलर बसवायचं ठरलं तेव्हा नवऱ्याने आधीच हात जोडले. "काम भाऊजी करणार आहेत. आपला माणूस आहे. तू कृपा करून मध्ये पडू नकोस."

भाऊजी म्हणजे नवऱ्याचे मित्र. जर्मनीत वाल्डॉर्फजवळच्या या गावांत आमची दोन्ही कुटुंबं एकाच सुमाराला आली. मुलं एकमेकांच्या घरी वाढली, आजारपणं एकमेकांच्या जिवावर निघाली. भाऊजींची डिग्री पुण्याची, इलेक्ट्रिकलची, पण नोकरी सगळी सॉफ्टवेअरमध्ये गेली. मागच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या घरावर पॅनेल बसवले, ते चालले, आणि तेव्हापासून ते इथल्या मराठी मंडळातल्या ओळखीच्या घरांवर हौसेने बसवून देत होते. घ्यायचे काही नाही, जेवून जायचे.

इथला नियम असा की पॅनेल छपरावर तुम्ही स्वतः चढवा, कोणी अडवत नाही. पण ते घरातल्या विजेला जोडायचं तर नोंदणी असलेला इलेक्ट्रिकरच, म्हणजे इथला इलेक्ट्रिशियनच, लागतो. त्याने सगळं मोजून तपासायचं आणि मग वीजकंपनीच्या कागदावर सही करायची. भाऊजींनी छपरावरचं काम उरकलं, खाली येऊन चहा घेतला आणि म्हणाले, "सहीचं टेन्शन घेऊ नका वहिनी. माझ्या ओळखीचा एक जण आहे. फोटो पाठवले की सही करून देतो."

"म्हणजे तो येऊन बघणार नाही?"

"यायचं कशाला? मी आहे ना."

"तुमच्या घराला पण त्यानेच सही दिली?"

"सगळ्यांच्याच घरांना दिली."

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. या देशात माणूस शेजाऱ्याच्या पार्सलवर सही करतानासुद्धा खोका फिरवून बघतो, आणि हा कोण न बघता माझ्या छपरावर सही करणार? आमचं छप्पर आतून सगळं लाकडी, आणि आम्ही झोपतो त्याच्याच खाली. वर दिवसभर ऊन खाणाऱ्या वायरी. मला भीती आगीची होती, आणि ती मी तोंडावर बोलून दाखवली. भाऊजी हसले. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की मी चहाचे कप उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी गावातल्याच एका इलेक्ट्रिकरला मी फोन केला. नवऱ्याला सांगितलं ते माणूस दारात आल्यावर. घरात जे व्हायचं ते झालं. "इतक्या वर्षांच्या मैत्रीत तू माती कालवतेस," असं नवरा म्हणाला. मी म्हटलं, मैत्रीला वायर तपासून घेतलेली चालत नसेल तर त्या मैत्रीतच कुठेतरी पाणी मुरतंय. बोलायला नको होतं, पण बोलले.

इलेक्ट्रिकर पोक्त, जाडजूड आणि कमी बोलणारा. मी त्याच्या मागे मागे फिरत होते, कारण विश्वास माझा त्याच्यावरही नव्हता. दुसऱ्याचं काम बघितलं की नाक मुरडायचं आणि सगळं काम स्वतःकडे ओढायचं, हे कारागीर जगात सगळीकडे करतात. त्याने छपराच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, बराच वेळ खुडबुड केली आणि मला बोलावून दोन वायरींचा जोड दाखवला. एकातून एक अडकवायचे काळे प्लास्टिकचे कनेक्टर.

"हा अर्धा एका कंपनीचा, हा अर्धा दुसऱ्या कंपनीचा," तो म्हणाला.

"पण बसलेत ना?" मी विचारलं. माझ्या तोंडून हे निघालं याचं मलाच नवल वाटलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर. बसतात, म्हणूनच लोक जोडतात."

नियमाप्रमाणे दोन्ही अर्धे एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे लागतात, असं त्याने सांगितलं. बाहेरून टक्क आवाज येतो, पण आतली धातूची पिन नीट टेकत नाही आणि वीज वाहायला लागली की जोड तापत जातो. यावर तो सही करणार नव्हता. मी मनात म्हटलं, आला मुद्द्यावर, आता म्हणेल सगळं मीच नव्याने करतो. म्हणून खोदून विचारलं. तर म्हणाला, त्याला हिवाळ्यापर्यंत वेळ नाही, कोणाकडूनही बदलून घ्या, तपासायला मी येतो. माझा संशय बिचारा तिथेच उघडा पडला.

संध्याकाळी मी भाऊजींना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, इथल्या लोकांना नियमापलीकडे काही दिसत नाही. ते कनेक्टर मी ऑनलाइन मागवलेत, पिशवीभर. बसतायत की व्यवस्थित. माझ्या घरी वर्षभर तेच आहेत, आई माळ्यावरच झोपते." आणि मग थंडपणे, "तुम्हाला पहिल्यापासून माझा संशय होता, हे मला माहीत आहे." फोन ठेवला.

नवरा म्हणाला, "आपण आपले गुपचूप बदलून घेऊ. विषय संपव." तो संपवला असता तर मैत्री वाचली असती. पण मला झोप येईना. तोवर मी धरून चालले होते की भाऊजी स्वतःच्या घरावर नीट काम करतात आणि दुसऱ्यांकडे उरकतात. लबाड माणसाने तसंच केलं असतं. लबाड असते तर बरं झालं असतं, त्यांची आई तरी सुखरूप असती.

रविवारी दुपारी मी न कळवता त्यांच्या दारात उभी राहिले. लख्ख ऊन होतं. भाऊजींनी दार उघडलं, पण 'या' म्हणाले नाहीत. मागून त्यांच्या आईच म्हणाल्या, "अगं, बाहेर का? ये ना." त्या साताऱ्याच्या, ऐंशीच्या पुढच्या, मी त्यांना काकू म्हणते. मी आत शिरले आणि सरळच म्हटलं, "भाऊजी, तुमचा जोड एकदा उघडून दाखवा. ठीक निघाला तर मी मंडळात सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

"सगळ्यांसमोर?"

"माइक घेऊन."

ते ताडताड जिना चढले. मागे मी, माझ्यामागे कठडा धरून काकू. छपरातून आलेली वायर काकूंच्या पलंगाच्या उशाशी, लाकडी फळीमागे जोडलेली होती. भाऊजींनी आधी इन्व्हर्टर बंद केला, मग फळीचे स्क्रू काढायला बसले. काकू पलंगावर टेकून मला म्हणाल्या, "दुपारचा इथे जरा जळका वास येतो बघ. मला वाटतं, खाली दूध उतू जातं."

"आईला कसलेही वास येतात," भाऊजी म्हणाले. आणि फळी निघाली.

एक जोड काळा होता, जसा असायला हवा तसा. दुसरा तपकिरी पडून फुगला होता. त्याच्या मागचं लाकूड तळहाताएवढं कोळशासारखं झालं होतं. भाऊजींनी तो ओढून सोडवायचा प्रयत्न केला. सुटेना. दोन्ही अर्धे वितळून एक झाले होते. मला त्यांचा इतका राग आला होता की दोन थोबाडीत द्याव्यात, आणि त्याच वेळी रडूही येत होतं. जिंकल्याचं वगैरे काही वाटलं नाही. काकू विचारत होत्या, काय झालं, सांगा तरी. भाऊजींनी फळी भिंतीला टेकवून ठेवली.

मग ते उठले, खिशातून फोन काढला आणि ज्या ज्या घरांवर त्यांनी काम केलं होतं त्यांना एकेक करून लावायला लागले. स्पीकर चालू होता. "आत्ताच्या आत्ता बंद करा. का ते नंतर सांगतो." बहुतेकांनी ऐकलं. एक जण मात्र ऐकेना. त्यांचं सगळं छान चाललं होतं, ऊनही छान होतं, आणि असं मध्येच बंद करायचं म्हणजे काय?

"भाऊजी, खरं सांगा," फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "तुमचे कोणीतरी कान भरलेत."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. डोळे लाल झाले होते.

"भरलेत," ते म्हणाले. "आधी बंद करा. तुमचा मुलगा वरच झोपतो ना?"

मी काकूंना हात देऊन उठवलं आणि त्यांची गादी खाली न्यायला गुंडाळायला घेतली.