आईची गाणी शेवटी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वारगेटला बसमधून उतरत होतो. आता काही आठवडे झाले... तरी कॉम्प्युटर अडला की हात तिच्याच नंबरकडे जातो. माझी ही थोरली बहीण एका कंपनीत बॅकअप सांभाळायची आणि सुटीच्या दिवशी आमच्या विश्रांतवाडीतल्या विहारात येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांची गाणी रेकॉर्ड करायची. त्यातल्या बऱ्याच जणी आज नाहीत. आमची आईही नाही.

हे सगळे आवाज एका हार्ड डिस्कवर होते. दुसरी प्रत बिघडली, म्हणून ताई नवी काढायला बसली. एरवी चहा होईपर्यंत संपणारं काम त्या दिवशी पुढे सरकेना. मी बुधवार पेठेतून नवी केबल आणली, फरक शून्य. तिनं पोर्ट बदललं, अँटिव्हायरस थांबवला, मग ताप बघावा तसा डिस्कवर हात ठेवला. आतून टक्... टक्... येत होतं. "केबल बिचारी ठीक आहे. डिस्कच जायला आलीय," असं म्हणून तिनं चालू कॉपी बंद केली. आता डिस्क चालेल तोवर एकेक फोल्डर निवडून उतरवायचा होता.

"आईचं आधी घे," मी म्हणालो.

"आईची गाणी मला पाठ आहेत. सखूबाईंची कुणाला पाठ आहेत? तुला?"

एकेकीचा आवाज उतरत गेला आणि आईच्या फोल्डरपाशी डिस्कनं मान टाकली. दुरुस्तीवाल्यांनीही हात टेकले. तेव्हा मी फार चिडलो होतो. आज तिचा अभिमान वाटतो, कारण सखूबाईंच्या नाती आजीचा आवाज ऐकतात तो ताईमुळे. डिस्क गेली त्याच्या पुढच्याच रविवारी ती स्वतः माइकसमोर बसली आणि आईची सगळी गाणी आईच्याच चालीत गायली. गळा बेताचाच, पण एक शब्द चुकला नाही.

आता प्रत मी काढतो. नव्या प्रतीतली एक तरी फाइल ऐकल्याशिवाय उठायचं नाही, हा ताईचा नियम. परवा 'आई' नावाचा फोल्डर उघडला. आधी खाकरणं, मग ताईचा आवाज... "अरे, तो पंखा बंद कर आधी. गाण्यात येतोय."

मी उठलो आणि पंखा बंद केला.