आखाजीच्या आधी बदललेलं पाणी

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. घरात कुणी माशाचा विषय काढला की मी उठून अंगणात जायचो, नाहीतर पेपर उघडून बसायचो. खरं काय ते माझ्या बायकोला ठाऊक होतं. ती गेली. आता ते फक्त माझ्याजवळ आहे आणि मीही फार दिवसांचा नाही. माझ्याबरोबर ते गेलं तर माझ्या सुनेच्या मनावरचा आळ तसाच राहील.

आम्ही जळगावला, पिंप्राळ्यात राहतो. मुलगा दालमिलमध्ये कामाला आहे. सून धुळ्याची, देवपूरची. पहिल्या खेपेला तिचं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्याच्या थोडे दिवस आधी ती माहेरी जाऊन एसटीनं परत आली होती. प्रवासाचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी भेटायला येणाऱ्या बायका बोलायच्या, आणि एकदा मीही बोललो, "गेली नसती तर बरं झालं असतं." ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही, म्हणून तिनं ऐकलं नाही असं मी धरून चाललो.

त्यानंतर ती कुणाशी बोलेना. मुलानं बाजारातून एक फायटर मासा आणला. निळा, बोटाएवढा, शेपटी मात्र ओढणीसारखी. काचेची छोटी पेटी पुढच्या खोलीत खिडकीजवळ ठेवली. सुनेनं मोबाइलवर बघून त्याचं सगळं शिकून घेतलं. फिल्टर म्हणजे एक काळा स्पंज आणि त्यात हवा सोडणारा लहानसा पंप. दर आठवड्याला ती रबरी नळीनं तळाची घाण आणि थोडंसं पाणी ओढून काढायची. नवं पाणी आदल्या दिवशीच बादलीत उघडं ठेवलेलं असायचं, नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून. स्पंज कधी नळाखाली धरायची नाही. काढलेल्या त्याच गढूळ पाण्यात हलक्या हातानं पिळायची. स्पंजात चांगले जंतू राहतात, ते माशाची घाण पचवतात, असं तिचं म्हणणं. वर पेटीत अंगणातल्या जंगली बदामाचं एक वाळलेलं पान टाकायची. त्यानं पाणी तपकिरी व्हायचं.

मी एकदा म्हणालो, "मासा पाळला आहेस की कोरा चहा ठेवलाय?"

"त्याला असंच आवडतं, नाना. तुम्ही फक्त साखर घालू नका," ती म्हणाली आणि हसली. मूल गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली, तेव्हा.

पण चांगले जंतू हे काही माझ्या गळी उतरेना. माझी सगळी नोकरी शिंदखेड्याकडच्या एका गावात पाण्याच्या टाकीवर गेली. पाण्यात जंतुनाशक पावडर टाकणं हेच माझं काम. जंतू आणि चांगले!

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात, निंबाला झोके बांधतात. मूल गेल्यापासून सून माहेरी गेलीच नव्हती. तिची आई दर दोन दिवसांनी फोन करायची. सून माझ्याकडे येऊन म्हणाली, "जाऊ का, नाना? हा एकटा राहील."

"जा की. मासा आहे, तान्हं पोर नाही," मी म्हणालो.

बोलून गेल्यावर कळलं. तिनं मान खाली घातली. मग दाण्यांची डबी माझ्या हातात दिली. "सकाळी तीन-चार दाणे टाका. पाणी कालच बदललंय. बाकी काही करू नका."

आखाजीला पितरांची घागर भरायची असते. त्याआधी घरातलं पाण्याचं प्रत्येक भांडं रिकामं करून घासायचं, पितरांच्या दिवशी घरात शिळं पाणी नको, ही माझ्या आईची शिस्त. मीही ती पाळत आलो. नळाला पाणी आलं त्या सकाळी माठ, पिंप, कूलरची टाकी, सगळं मीच घासलं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "बठ्ठा भांडा धुवायनात. आते बसा."

सगळी भांडी धुऊन झाली होती, तरी मी बसलो नाही. खिडकीतल्या त्या तपकिरी पाण्याकडे माझं लक्ष गेलं. सून परत येईल तेव्हा पेटी आरशासारखी दिसेल, खूश होईल, असंही मनात होतं. हे खरं आहे, पण त्यानं माझा गुन्हा हलका होत नाही.

माशाला तांब्यात काढलं. पान फेकलं. काचा घासल्या. स्पंज नळाखाली धरून निथळ पाणी येईपर्यंत पिळत राहिलो. मग पेटी नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरली आणि वरून तुरटी फिरवली. पाण्याला पावडरचा वास येत होता. तो वास माझ्याइतका कोण ओळखणार? टाकीत पावडर टाकल्यावर कधी बेडूक उलटा होऊन वर यायचा, तोही मीच जाळीनं काढत असे. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. माहीत होतं, आणि तरी मी त्याला त्या पाण्यात सोडला.

आधी तो वेड्यासारखा फिरला. मग वर येऊन तोंड उघडझाप करू लागला. शेपटी मिटली. संध्याकाळी कुशीवर पडला तो उठलाच नाही. बदामाच्या झाडाखाली त्याला पुरताना बायको म्हणाली, "सांगी टाका तिले."

त्याच संध्याकाळी सुनेचा फोन आला. मागून बायकांची गाणी ऐकू येत होती. "नाना, जेवला का तो?"

"हो," मी म्हणालो.

आखाजी झाली आणि ती परत आली. आईनं दिलेल्या सांजोऱ्यांचा डबा हातात, अंगावर नवी साडी. चपला काढायच्या आधी ती खिडकीकडे गेली. रिकामी पेटी स्वच्छ चमकत होती.

"काय झालं?"

मी म्हणालो, "तू गेलीस आणि त्यानं खाणं सोडलं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, पण सुनेदेखत नवऱ्याला खोटं पाडण्याची तिची रीत नव्हती. सून रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी गेले की असंच होतं."

तिनं पेटी माळ्यावर ठेवली. पुढच्या आखाजीला तिची आई फोन करून थकली. "यंदा नाही जमत गं, आई," ती सांगायची. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. लग्नकार्य असेल तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मुलगा चिडायचा, कारण विचारायचा. ती काही सांगायची नाही. कारण मला माहीत होतं. मी पेपर उघडायचो.

यंदा आखाजीच्या तोंडावर तिची आई गेली. तिला शेवटचं बघणंही सुनेच्या नशिबात नव्हतं. दिवसकार्याला मी देवपूरला गेलो. अंगणातल्या निंबाला नवा दोर बांधलेला होता. तिचा भाऊ म्हणाला, "आई दर वर्षी बांधायला लावायची. अक्का येईल म्हणायची."

सून त्या झोक्याजवळ उभी होती. झोक्याला हात लावत नव्हती. मी तिच्यापर्यंत गेलो. वाक्य जळगावपासून जुळवत आणलं होतं. पोरी, तू गेलीस म्हणून तो मेला नाही. तू गेलीस म्हणून कधीच काही झालं नाही. पाणी मी बदललं होतं. मला माफ कर.

तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "काही हवंय का, नाना?"

"पाणी," मी म्हणालो. ती आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली.