पाडून दाखवलेला फोन

माझी धाकटी जाऊ दुकानात फोन विकायची, आणि विकायच्या आधी तो जमिनीवर पाडायची. हातातून निसटला असं नव्हे, चांगला मुद्दाम! खांद्याइतका उंच धरायचा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायचं आणि द्यायचा सोडून. फरशीवर धप्प! गिऱ्हाईक दचकायचं, ही हसत फोन उचलून त्याच्याच हातात द्यायची. "लावा बायकोला. विचारा, जेवलीस का." फोन लागायचा, पलीकडून बायको खेकसायची, आणि हा पठ्ठ्या खिशात हात घालायचा.

ही युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती. कंपनीने निळा टी-शर्ट दिला होता आणि साहेबाने पाठ करायला दोन-चार वाक्यं, सगळी कॅमेऱ्याची. पहिल्याच दिवशी फोन हातातून सटकला आणि खाली. साहेबाचं तोंड एवढंसं झालं. समोरचा भाजीवाला मात्र वाकून बघत म्हणाला, "फुटला नाही? मग हाच द्या." झालं! साहेबाची वाक्यं गेली चुलीत.

मला विचाराल तर तो फोन खपला यात नवल काहीच नव्हतं. आमच्याकडची वीज म्हणजे रुसलेला जावई, आली तर आली. या फोनची बॅटरी एकदा भरली की चांगली पुरायची. दोन सिमकार्डं बसायची. आवाज असा, की कढई घासतानाही ऐकू यावं. भारीतला फोन बिघडला की तो मोठ्या शहरात पाठवा आणि बसा वाट बघत. हा कोपऱ्यावरच दुरुस्त व्हायचा. शिवाय कंपनीने गल्लीतली सगळी शटरं फुकटात निळी रंगवून दिली, न्हाव्याचंसुद्धा. पण कंपनीचं नाव कोण घेतो? लोक म्हणायचे 'दगड'. "नवा दगड आला का हो, वहिनी?"

मग लोकच पाडायला लागले. पाहुणे आले की चहाच्या आधी फोन जमिनीवर. शाळेत मास्तर, बँकेत शिपाई, एका नवरदेवाने तर भर लग्नात पाडला. कुणी मोठेपणाने बोलायला लागलं की दुसऱ्याने खिशातून दगड काढायचा आणि धप्प! आधी मला हसू यायचं. पुढे पुढे तो आवाज ऐकला की मी उठून आत जायला लागले. का, ते काही सांगता येत नव्हतं.

दुकानात पाडायचा फोन एकच असायचा, दाखवायचा. तोच दिवसभर आपटायचा. नवं मॉडेल आलं तशी धाकटीने तो जुना घरी आणला आणि सासूबाईंच्या हातात ठेवला.

सासूबाईंचा एक कान कधीचाच गेलेला, दुसरा जेमतेम. माझी नणंद परगावी असते. तिचा फोन आला की म्हातारी नुसती "हो, हो" करायची आणि नंतर मला विचारायची, "काय म्हणाली गं?" या फोनवर पहिल्यांदा लेक स्वच्छ ऐकू आली. त्या घळाघळा रडल्या. मग फोन काही त्यांच्यापासून सुटेना. दुपारी आडवं होतानाही उशाशी, चार्जरची वायर लावलेली. न जाणो, लेकीचा फोन यायचा आणि हा नेमका बंद पडायचा! खरं सांगते, मला हेवा वाटला. इतकी वर्षं मी केलं, आणि कौतुक कुणाचं? त्या निळ्या टी-शर्टचं!

एकदा चादर बदलताना मी तो टेबलावर ठेवला, तर डुगडुगला. सपाट फोन डुगडुगेल कसा? उलटा करून बघते तर पाठ मधोमध फुगलेली. गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येत होता.

"धाकटे, याचं पोट बघ गं."

"अहो ताई, किती वेळा पडलाय तो! जरा ढिला झालाय, बस. दगड आहे, दगड." तिने त्याला घट्ट रबर लावलं. हसत होती वेडी.

मी म्हटलं, फेकून दे. सासूबाई उखडल्या, "मोठीला माझं सुख बघवत नाही." फार लागलं मला ते. तरी रोज दुपारी त्यांचा डोळा लागला की मी वायर काढून फोन खिडकीत ठेवायचे. जाग आली की त्या परत घ्यायच्या. आमची ही लढाई चाललेलीच होती.

त्या दिवशी धाकटीला सुट्टी होती. सासूबाईंचा डोळा लागला होता, फोन अजून उशाशीच, आणि मी मागे कपडे वाळत घालत होते. शिट्टी व्हायच्या आधी कुकर फुसफुसतो तसा आवाज आला. कुकर तर मी लावलाच नव्हता! धावत आत आले तोवर उशी पेटलेली. धाकटीने उघड्या हाताने तो फोन उचलला आणि अंगणात भिरकावला. तिच्या तळव्याची साल निघाली. सासूबाई वाचल्या. पण ऐकू येणारा कान जळला. आता लेकीचा फोन आला की मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते.

धाकटी बांधलेला हात घेऊन साहेबाकडे गेली. तो म्हणाला, "पाडायला सांगितलं होतं कुणी?"

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर निघाली, ज्यांना ज्यांना विकला त्यांच्याकडे. मी सोबत होते. "पाडू नका हो, उशाशी ठेवू नका, पाया पडते." कुणी चहा विचारला, कुणी म्हणालं, "वहिनी, दुसऱ्या कंपनीत लागलात वाटतं?"

संध्याकाळी रिक्षावाल्याकडे पोचलो. त्याची बायको नुकतीच बाळंत झालेली. पाळण्याला खेटून स्टूल, स्टुलावर वायर लावलेला फोन, त्यावर अंगाई चालू. बाळ गाढ झोपलेलं. धाकटीने हात जोडले, सासूबाईंचं सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, वाईट वाटलं म्हणाला. मग वायर काढून फोन खांद्याइतका उंच धरला आणि सोडला.

धप्प!

अंगाई चालूच राहिली. बाळ दचकलंसुद्धा नाही. त्या आवाजाची त्याला सवय झाली होती.

"बघा, काही झालं का? तुम्हीच तर दाखवलंत, वहिनी," म्हणत त्याने वायर पुन्हा लावली आणि फोन पाळण्याशेजारी ठेवला.

स्टुलावर तो जरासा डुगडुगला. धाकटीने बांधलेल्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं. तिलाही दिसलं होतं.