गमरे सतरा

प्रफुल्ल गमरेला एकच ध्यास होता, आपलं नाव छापून यावं. तेही कुठे, तर नऊ देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलेल्या शोधनिबंधात. हौस बघा! बाप भिवा, त्याचं नाव लालबागच्या गिरणीच्या हजेरीपटापलीकडे कधी गेलं नाही, आणि हा निघाला जगभर मिरवायला.

बरं, हौस फुकटची नव्हती. दक्षिण मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत अकरा वर्षं तो प्लास्टिकच्या पट्ट्यांत केसासारखे तंतू चिकटवत होता. पट्ट्या परदेशी जायच्या. म्यूऑन नावाचा कण मागे दुसरं काहीच न सोडता सरळ इलेक्ट्रॉन होतो का, हे तिथे शोधत होते. आजवर कुणालाच तसं दिसलेलं नाही. आकाशातून एखादा उपरा कण घुसला की पट्टी चमकायची, मग आलेखावरचा तो ठिपका धरायचा नाही. पट्टीवर बनवणाऱ्याचं आडनाव आणि पट्टीचा क्रमांक लिहायचा नियम होता, बिघडली तर गचांडी कुणाची धरायची ते कळावं म्हणून. निबंधावर मात्र नावं फक्त शास्त्रज्ञांची.

"तुझं नाव मी घालून घेईन रे," प्रयोगशाळेच्या प्रमुख सुमेधा मॅडम म्हणाल्या. झालं! यानं लगेच आईला सांगितलं. मीराबाईला वाचता येत नसे, पण मुलाच्या ओळखपत्रावरचं इंग्रजी आडनाव ती बरोब्बर ओळखायची. "डोळे मिटायच्या आत दाखव बाबा," ती म्हणाली.

सतराव्या पट्टीचा गोंद नीट वाळला नव्हता. "मॅडम, एक आठवडा द्या."

"पट्ट्यांची पेटी उद्या विमानात चढतेय. पाठव."

यानं मुकाट्यानं पाठवली. लेखी तरी घ्यायचं होतंस, बावळटा!

तीन वर्षं मोजमापं चालली. कुणाचं मन आधीच झुकू नये म्हणून आलेखातली मोक्याची जागा झाकून ठेवायची आणि सगळं गणित पक्कं झाल्यावर सगळ्यांदेखत उघडायची, अशी तिथली रीत. एका दुपारी व्हिडिओ कॉलवर ती उघडली. चार ठिपके, म्हणजे चार म्यूऑन सरळ इलेक्ट्रॉन झालेले! नऊ देश ओरडले. मॅडमनी प्रफुल्लच्या पाठीवर थाप मारली.

दहा दिवसांनी कळलं, चारही कण आकाशातले. सतराव्या पट्टीतला तंतू सुटला होता आणि ती चमकलीच नव्हती.

"टेक्निशियनचा हलगर्जीपणा," मॅडम कॉलवर म्हणाल्या. प्रफुल्ल मागेच उभा होता. हा आपला पट्ट्या पुसत राहिला!

निबंध आला. दोनशे चौदा नावं, त्यात गमरे नाही. आठव्या पानावर मात्र होता. ते पान फेकवेना, म्हणून त्यानं घरी नेऊन कपाटावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो जिन्यात शिरला, तर शेजारचा दीपक हात मिळवायला पुढे आला. "काय प्रफुल्लशेठ, एकदम इंटरनॅशनल!" त्याच्या ओठांना पेढ्याचा चुरा लागला होता.

घरात मीराबाई पान मांडीवर घेऊन बसली होती, बोट आडनावावर, शेजारी पेढ्यांचं खोकं. "लपवून ठेवतोस होय रे, गुलामा? अपूर्वा, वाच गं पुढचं, बापाबद्दल काय लिहिलंय."

आठवीतल्या अपूर्वानं पान घेतलं.

"राहू दे," प्रफुल्ल म्हणाला.

"वाच गं!"

"'गमरे सतरा सदोष आढळली. वगळण्यात आली.'" इंग्रजीचं मराठी करून तिनं वर पाहिलं. "पप्पा, म्हणजे तुमची चूक झाली?"

मीराबाईनं त्याच्यासाठी हातात घेतलेला शेवटचा पेढा परत खोक्यात ठेवला.

"आधी सांगायचंस ना रे," ती म्हणाली. "अख्ख्या मजल्यावर वाटून आले मी."