फुलीचं पाकीट

गोणी त्या दिवशी दुकानात जे करून बसला, ते लिफ्टवाल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झालंच नसतं. फळीवर गरम पाणी ओतून खायच्या नूडल्सची दोन पाकिटं शेजारी शेजारी उभी होती. दोन्हींवर गव्हाची ओंबी छापलेली. एकीवर फुली मारलेली, दुसरी मोकळी. आता लिफ्टच्या धंद्यात फुलीचा अर्थ एकच, हात लावू नका. बटणावर लाल पट्टीची फुली म्हणजे तो मजला बंद, पेटीवर फुली म्हणजे आत वीज खेळते आहे. गोणीने फुलीवालं पाकीट जपून जागेवर ठेवलं आणि मोकळ्या ओंबीचं उचललं. ते स्वस्तही निघालं, त्यामुळे स्वारी परतताना स्वतःवर भलतीच खूश होती.

त्याचा जोडीदार खार तेव्हा लिफ्टच्या टपावर होता. टपावरच्या माणसाने सारखं चढ-उतर करायचं नसतं, म्हणून त्याचं जेवण जोडीदाराने आणून द्यायचं, अशी या लोकांची जुनी रीत. खारने भूक लागली होती म्हणून न बघता खाल्लं. मग गोणी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला आणि काम सुरू झालं. वरून एकाने शब्द टाकायचा, खालच्याने तोच शब्द परत म्हणायचा, त्याशिवाय मशीन हलवायचं नाही. दिवस कलताना गोणीने "खाली?" म्हणून विचारलं आणि खालून काहीच आलं नाही. पुन्हा विचारलं. मग त्याने ब्रेक सोडून हाताने चाक फिरवत लिफ्ट कशीबशी मजल्याला लावली आणि जिन्यावरून धावला. गोणी धावतो हे त्या इमारतीने त्या दिवशी प्रथमच पाहिलं. खार सुरक्षेच्या पट्ट्याला लोंबकळल्यासारखा पोट धरून वाकला होता, कपाळावर घामाच्या धारा.

दाराशी टेकून बसल्यावर खार म्हणाला, "गोण्या, ती फुली गव्हाला मारलेली असते रे. मला नाही."

खार आणि गोणी ही अर्थात आईबापांनी ठेवलेली नावं नव्हेत. एक काटकुळा, शिडीला पाय लागतो न लागतो तोच वर पोचलेला. दुसरा एकदा बसला की उठवायला दोघं लागणार. जोडी इतकी जुनी की खारची बायको म्हणायची, लग्न माझ्याशी लागलं, पण संसार गोणीभाऊजींशी चाललाय.

खारचं पोट कित्येक वर्षं बिघडलेलं होतं. कुणी म्हणे वेळेवर खात नाही, कुणी म्हणे चहा फार. वजन उतरत गेलं तेव्हा कुठे, टपावरच्या त्या दिवसाच्या थोडं आधी, एका डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं की गव्हातल्या चिकट भागाशी याच्या आतड्यांचं हाडवैर आहे, कणभरही चालणार नाही, आणि औषध असं काही नाही. खारचा आयुष्यभराचा अनुभव असा की दोष सापडला की लिफ्ट चालू होते. इथे दोष सापडला आणि जेवणच बंद पडलं.

टपावरच्या प्रकारानंतर साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. साहेब माणूस वाईट नव्हता, म्हणूनच तो बोलला ते टाळता येण्यासारखं नव्हतं. पुन्हा एकदा असं काही झालं तर टपावर पाठवणार नाही, गोदामात बसवीन, म्हणाला. खार बाहेर येऊन गोणीला म्हणाला, "गोदामात काय करू? नटबोल्टांशी गप्पा मारू?" नुसत्या आवाजावरून कोणत्या मजल्याच्या दाराच्या चाकाला तेल हवंय ते सांगणारा माणूस तो. त्याला खिडकीआड बसवणं म्हणजे खारीला पिंजऱ्यातलं चाक देणं.

भाताचा डबा न्या की, असं सगळेच सांगत. नेत होताच. पण सकाळी अंधारात भरलेला डबा मशीनच्या खोलीतल्या उष्णतेत दुपारपर्यंत कसाबसा तग धरी, आणि कामावरून सुटका रात्रीपर्यंत नसे. शहराच्या कुठल्या टोकाला बोलावणं येईल याचा नेम नाही. दुसऱ्या वेळचं जेवण जवळच्या दुकानातूनच घ्यावं लागे, तेही उभ्या उभ्या खाता येईल असं.

मग दोघं दुकानं पालथी घालू लागले. गोणीने बायकोचा चष्मा आणला होता, कारण पाकिटांवरची अक्षरं मुंग्यांनी मुंग्यांसाठी लिहिलेली असतात. मक्याच्या सुपात घट्टपणासाठी गव्हाचं पीठ. बटाट्याच्या चकत्यांच्या मसाल्यात गहू. सॉसमध्ये गहू. "आता साबणात बघू," गोणी म्हणाला. बहुतेक दुकानांत पथ्याची म्हणून एक फळी असे, ती हटकून कुत्र्यांच्या खाण्याशेजारी. तिथे खारला चालणारं जेवण मिळे, पण एका पाकिटाच्या किमतीत वहिनी, म्हणजे खारची बायको, घरात चौघांचं रांधत असे. कुत्र्याचं खाणं त्याहून स्वस्त होतं, हे गोणीच्या लक्षात आलं, तसा तो किमतीच्या चिठ्ठीपुढे आडवा उभा राहिला. स्वस्तात चालण्यासारखे होते ते हवाबंद डब्यातले शिजवलेले घेवडे. ते खारने पंधरवडाभर खाल्ले. लिफ्टच्या बंद शाफ्टमध्ये त्याचे जे परिणाम झाले, त्यावर गोणीने मशीनच्या खोलीतून बरंच भाष्य केलं. नंतर खारलाच घेवड्याचं नाव काढलं की उमासे येऊ लागले.

आणि एक दिवस एका साध्याशा दुकानात, तळाच्या फळीवर, ते सापडलं. तांदूळ आणि वाटाणा, वर गरम पाणी, ओंबीवर फुली, आणि किंमत माणसाच्या आवाक्यातली. दुकानाचा स्वतःचा माल. त्याच दुकानाच्या शाखा गावभर होत्या. त्या महिन्यांत खारच्या गालांवर थोडं मांस चढलं. वहिनी म्हणाली, भाऊजी, यांचा पट्टा एक भोक मागे सरकला.

हे काही फार टिकायचं नव्हतं. एका संध्याकाळी गोणी पाकीट घेऊन आला आणि दारातच थांबला. वेष्टन नवं होतं, वर लिहिलेलं, आता आणखी चविष्ट. फुली नव्हती. मागे, मुंग्यांच्या ओळीत, गहू. दुकानात चौकशी केली तर फळीवर माल मांडणारी बाई म्हणाली की जुन्याला खप नव्हता, ते मागणारे तुम्ही दोघंच. ती ओशाळून बोलली, पण तिच्या हातात काय होतं?

त्या आठवड्यात एका दवाखान्याची लिफ्ट बंद पडली. काम थांबवता येईना, आसपास खारला चालेल असं काही मिळेना. गोणीने तीन दुकानं पाहिली आणि रिकाम्या हाताने आला. खार म्हणाला, राहू दे, एक वेळ नाही खाल्लं तर मरत नाही कुणी. रात्र होता होता त्याच्या हातून पाना सुटला आणि लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात पडला. आवाज खालपर्यंत गेला, आणि खाली नेमके साहेब उभे होते. खारने काही चुकीचं खाल्लं नव्हतं. काही खाल्लंच नव्हतं. साहेबांच्या दृष्टीने दोन्ही एकच, आणि त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही.

खारची रवानगी झाली त्या गोदामात शेगडी होती. तिथे खारला आता रोज ताजा, वाफाळता भात करता येई. टपावर असताना हेच हवं होतं आणि मिळालं ते खाली आल्यावर. पहिल्या दिवशी गोणी भेटायला गेला. गावाबाहेरच्या एका शाखेत जुन्या वेष्टनातलं शेवटचं पाकीट राहिलेलं त्याला सापडलं होतं. खारने ते उघडलं, पाणी ओतलं, आणि अर्धं झाकणात काढून गोणीपुढे सरकवलं. गोणी येतानाच दोन मोठे पाव हाणून आला होता. पण नको म्हणायला त्याची जीभ उचलेना. खाल्लं. पुठ्ठ्यासारखं लागलं. इतके महिने हा माणूस हे खाऊन वर चढत होता, हे त्याला त्या घासाला कळलं.

"अर्धं तुझ्याकडे उधार राहिलं," खार म्हणाला.

गोणी अजून प्रत्येक दुकानात तळाच्या फळीशी वाकतो. नवा जोडीदार बाहेर ताटकळतो, गोणीला वाकल्यावर उठायला वेळ लागतो. ते पाकीट आता कुणी बनवत नाही. अर्धं अजून द्यायचं राहिलं आहे.