मधल्या काठावरची राजल

राजल कोणावरच विश्वास ठेवत नसे, आणि ही गोष्ट ती लपवतही नसे. सकाळी उठली की आधी काट्यांच्या कुंपणाभोवती एक चक्कर. धुळीत कोणाचे पाय उमटलेत ते बघायचे. सिंहाचे असले तर ती निर्धास्त व्हायची. सिंह आला, म्हशींचा वास घेतला, कुंपण उंच दिसलं म्हणून निघून गेला. त्याच्या पोटात दुसरं काही नसतं. माणसाचे पाय दिसले की मात्र त्या दिवशी तिची चूल उशिरा पेटायची.

गीरच्या त्या खोऱ्यात ती लग्न होऊन आली तेव्हा अशी नव्हती. नवरा हमीर हा एकुलता एक. भाऊ नाही, चुलतभाऊ सख्ख्यासारखा नाही. वरच्या अंगाला रणिंग आणि त्याचे दोन भाऊ, ओढ्यापलीकडे खालच्या अंगाला वेजा, त्याचा भाऊ आणि त्यांची चार दांडगी पोरं. मधोमध वडाचा डोह, आणि डोहाच्या कडेला हमीरचं एकटं घर. या खोऱ्यात एकट्याचं काही चालत नाही, हे राजलला सिंहांनीच शिकवलं. डोहावर कायम दोघा नरांच्या जोडीचं नाहीतर तिघांचं राज्य. जोडी म्हातारी झाली की नवी टोळी येते, मारामारी होते, हरलेले निघून जातात. एकटा सिंह तिने पुष्कळदा पाहिला होता. झाडीच्या कडेकडेने चालणारा, शेपूट खाली, संध्याकाळी डरकाळी फोडायचीही छाती नसलेला. हमीर अगदी तसाच चालायचा.

तो तापाने गेला तेव्हा मेराण रांगत होता. रणिंग आला, म्हणाला, "म्हशी आमच्या कळपात घाल, पोराला आम्ही वाढवू." दुसऱ्या दिवशी वेजा आला आणि तेच म्हणाला. राजलने दोघांनाही बाजेवर बसवलं, दोघांनाही बशीत चहा दिला, आणि दोघांनाही सांगितलं, "तुमच्याशिवाय मला कोण आहे?"

तेव्हापासून ती उघडपणे रणिंगच्या बाजूची होती, कारण तो भाऊबंद. आणि पाणी भरायच्या निमित्ताने ओढा ओलांडून वेजाच्या बायकोला, पुरीला, ताक, लोणी, कधी तूप पोचवत होती. वरच्या घराला वाटायचं, राजल आपली. खालच्या घराला वाटायचं, राजल दाखवते तिकडची, पण मनातून आपली. तिच्या म्हशी डोहावर पाणी पीत राहिल्या. मेराण मोठा झाला. त्यालासुद्धा तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. पुरुषाच्या पोटात गोष्ट राहते, पण चेहऱ्यावर लपत नाही, असं तिचं मत होतं.

मग धनू आली. रणिंगच्या बायकोची भाची. स्थळ रणिंगनेच आणलेलं, नाही म्हणायची सोय नव्हती. मांडवात सगळे नाचत होते आणि राजल मनात म्हणत होती, सून कसली, वरच्या घराने माझ्या चुलीपाशी कान आणून बसवला.

मुलगी कामाला चांगली होती, तोंडाने कमी होती. राजलला तेच खटकायचं. बडबडी बाई परवडली. ती काय सांगते ते तरी कळतं. आता धनूला सातवा महिना होता, आणि तुपाचं मडकं भराभर खाली जात होतं. राजल स्वतः त्यातून पुरीसाठी काढायची ते तिला माहीत होतं. पण ते सोडूनही तूप कमी व्हायचं. म्हणजे धनू काढत होती. म्हणजे ते मावशीकडे वर जात होतं. आणि तूप काही एकटं जात नाही. त्याच्यासोबत घरच्या गोष्टीही जातात. राजलने मडक्याच्या आत काजळीची एक बारीक रेघ ओढून ठेवली.

त्या वर्षी पाऊस धड झाला नव्हता. होळी झाली तशी डोहाची कड आत सरकू लागली. सगळ्यांच्या म्हशींना पुरेल एवढं पाणी उन्हाळाभर राहणार नाही हे कोणीही सांगितलं असतं. डोह वाटून घ्यायचा, असं दोन्ही घरांनी ठरवलं. दोघांत वाटला की तिसऱ्याचं काय होतं ते राजलला समजत होतं. मेराणला म्हशी हाकत गीरच्या बाहेर जावं लागलं असतं, मजुरीला.

त्याच दिवसांत सिंहांचंही बिघडलं. वनखात्याचा माग काढणारा जुमा मोटरसायकल कुंपणाबाहेर लावून आला. रणिंग आधीच बाजेवर बसलेला होता.

"राजल आई, चहा आहे का नुसतं तोंडच बघायचं?"

"तोंड फुकट आहे. चहाला बातमी लागते."

"बातमी आहे ना. डोहावरच्या जोडीतला एकच बोलतोय कालपासून."

"दुसरा लंगडतोय," रणिंग म्हणाला. "त्या तिघांनी फाडलाय. आमच्या थोरल्या भावाने पाहिला."

खाणीपलीकडच्या टेकड्यांतून तीन तरणे सिंह उतरले होते. संध्याकाळी तिकडून तीन आवाज यायचे आणि डोहावरून जोडी उत्तर द्यायची. सगळं खोरं हातातलं काम थांबवून आवाज ओळखत बसायचं. सिंहही तेच करतात. समोर किती जण आहेत ते कानाने ताडतात आणि मग चाल करायची की गप्प बसायचं ते ठरवतात.

"करवंदीच्या जाळीत सिंहीण व्यालीय," जुमा म्हणाला. "जोडी हटली तर नवे आधी तिचे बछडे मारतील. परक्याचं बीज ठेवत नाहीत ते."

दाराआड पीठ मळणाऱ्या धनूचा हात थांबला. राजलने ते पाहिलं. ऐकतेय, तिने मनात नोंदवलं.

"पण गंमत सांगू का?" जुमाने बशी फुंकली. "दिवाळीनंतर ती जोडीबरोबर फिरत होती. आणि त्याच दिवसांत मी तिला खाणीपलीकडे या तिघांबरोबरही पाहिली होती. चांगली लोळत होती त्यांच्यापुढे."

रणिंग खो खो हसला. "बाईची जात! आता बछडे कोणाचे ते तिला तरी ठाऊक आहे का?"

"तिला ठाऊक असायची गरज काय?" राजल म्हणाली. "त्यांना ठाऊक नसलं म्हणजे झालं."

बोलून गेली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. रणिंग बशीवरून तिच्याकडे बघत होता. हसू ओठांवर तसंच होतं, डोळ्यांत मात्र नव्हतं.

"राजल, खालच्यांच्या कुत्र्यांचे पाय तुझ्या कुंपणापाशी दिसतात म्हणे."

"कुत्र्यांना विचारा भाऊजी. ती खोटं बोलत नाहीत."

"उद्या डोहावर बसायचंय. मेराण आपल्या बाजूने उभा राहील ना?"

"नाही राहून जाईल कुठे?"

आदल्या दिवशी वेजाने हेच विचारलं होतं, आणि तिने हेच उत्तर दिलं होतं. आता धनू मावशीच्या कानाला लागायची, एवढंच बाकी होतं.

ते दोघे उठून गेल्यावर थोड्याच वेळाने धनू म्हणाली, "आई, मी चार काटक्या घेऊन येते."

"आण की," राजल म्हणाली. धनू कुंपणाबाहेर पडताच तिने मडक्यात डोकावून पाहिलं. तूप काजळीच्या रेघेच्या बोटभर खाली गेलं होतं.

ती मागोमाग निघाली. धावड्याच्या झाडापाशी वाट फुटते. उजवीकडची वर रणिंगकडे जाते, डावीकडची खाली ओढ्याकडे. राजलची खात्री एवढी पक्की होती की ती बघतही न बसता उजवीकडे वळली. पाच-पन्नास पावलं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की पुढे कोणीच नाही. मागे वळून पाहिलं तर धनू खाली, एक हात कमरेवर ठेवून, जपून दगडांवरून ओढा ओलांडत होती.

राजल मागे फिरली आणि तिच्यामागे खाली उतरली. म्हणजे ही दोन्हीकडे विकली गेलीय.

वेजाच्या अंगणाबाहेर बोरीच्या झाडाआड ती उभी राहिली. आत धनूने ओढणीच्या घडीतून लोटी काढली, पुरीने ती घरात रिकामी करून आणली. दोघी हलक्या आवाजात बोलत होत्या. राजलने कान पुढे केला, आणि तेवढ्यात वेजाचा पिवळा कुत्रा उठला. परकं माणूस दिसलं की फाडून खाणारा म्हणून खोऱ्यात त्याचं नाव होतं. तो थेट बोरीकडे धावला, राजलच्या पायांत लोळला आणि तिचा हात चाटायला लागला.

"हट! हट मेल्या!"

धनू वळली. आधी घाबरली. मग कुत्र्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"आई, हा तुम्हाला ओळखतो?"

पुरी पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसता हसता खालीच बसली. "ओळखेल नाही तर काय! एवढंसं पिल्लू होता तेव्हापासून हिच्या हातचं लोणी खातोय. अगं, ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या ऐकल्या होत्या. तुम्ही दोघी ताक देऊन भांडं लपवता! सासू आली की सुनेला सांगू नको म्हणते, सून आली की सासूला सांगू नको म्हणते. मी सांगू कोणाला?"

राजलने सुनेकडे रोखून पाहिलं. "मडकं तू उपसत होतीस तर."

"थोडंसंच. बाकीचं तुम्ही माहेरी पाठवता असं मला वाटलं."

"माहेर? माझं माहेर कधीच बुडालं. कशाला आलीस इथे?"

धनू पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत बघून बोलली. "मी वरच्या घरची, हे सगळे धरूनच चालतात. वर मला काही द्यावं लागत नाही. पण डोह खालच्यांकडे गेला तर? माझं पोर कोणाच्या दारात पाणी मागायला जाणार? म्हटलं, इथेही कोणाला तरी ते आपलं वाटू दे."

 वीस वर्षांपूर्वी राजलही याच अंगणात, हातात लोटी घेऊन उभी होती.

पुरीने डोळे पुसले आणि तिचा आवाज बदलला. "हसणं झालं. पण लक्षात ठेवा हो दोघी. माझा एक शब्द वर गेला ना, तर उद्या डोहावर..."

"सांग की रणिंगला," राजल म्हणाली. "मग एवढी वर्षं हे तूप कोणाच्या पोटात गेलं ते वेजालाही कळेल. त्याच्या ताटात पडलेलं तर मी ऐकलं नाही कधी."

पुरीने रिकामी लोटी धनूच्या हातात कोंबली. कुत्रा शेपूट हलवत मधोमध बसून राहिला.

परतताना दोघी एकमेकींच्या मागे चालल्या. बोलणं फक्त एकदाच झालं.

"मेराणला ठाऊक आहे?" राजलने विचारलं.

"नाही. त्यांचा चेहरा लगेच सांगतो."

दुसऱ्या दिवशी वडाखाली पुरुष बसले. बायका जरा अंतरावर. रणिंगने काठीने मातीत रेघ ओढली: वरची खडकाळ बाजू आमची, खालची चिखलाची वेजाची. वेजा म्हणाला, चालेल. मग दोघांचेही डोळे त्या रेघेवर खिळले. रेघेला लागून दोन्ही कळप उभे राहणार, म्हशींची शिंगं भिडणार, आणि म्हशींमागून माणसांच्या काठ्या.

"आणि हा?" वेजाच्या भावाने मेराणकडे बोट केलं. "हा कोणात?"

राजलने हातातली लोटी घट्ट धरली. धनूने ती तिच्याकडून घेतली.

"आमच्यात," रणिंग म्हणाला.

"आमच्यात," वेजा त्याच क्षणी म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मेराणकडे पाहिलं. मेराणचा चेहरा आरशासारखा कोरा होता. त्याला खरंच काही माहीत नव्हतं, आणि त्यामुळेच सगळं निभावलं. रणिंगची नजर बायकांकडे वळली, राजलवर थांबली. ती पदर सारखा करत राहिली. त्याला विचारायचं होतं, ते तिला दिसत होतं. पण विचारलं, आणि मेराण खालच्यांचा निघाला, तर समोर सहाचे सात होणार. वेजाच्याही मनात तोच हिशेब चालला असावा, कारण तोही गप्प होता.

"मग रेघेवर ह्यालाच ठेवू," शेवटी वेजा म्हणाला. "मधे. तुमच्या म्हशी तिकडे, आमच्या इकडे."

"ठेवा," रणिंग म्हणाला. "आपलाच पोरगा आहे." 'आपलाच' वर त्याने जरा जोर दिला.

"आमचाही," वेजा म्हणाला.

मेराणला वाटलं, दोन्ही काका फार प्रेमळ आहेत. घरी येताना तो तसं म्हणालाही. सासूसुनेने एकदमच दुसरीकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी खाणीकडून आवाज आले नाहीत; डोहावरून आले, तीन. जोडीकडून उत्तर नाही. सकाळी राजल पाण्याला गेली तेव्हा चिखलात तीन मोठ्या सिंहांचे पाय होते, ताजे. त्यांच्या कडेला सिंहिणीचे. आणि त्यांच्यामधून, कधी ह्याच्या पावलावर, कधी त्याच्या पावलावर, बछड्यांचे इवले इवले ठसे इकडून तिकडे गेले होते. राजलने घागर तिथेच टेकवली. ते ठसे पाण्यापर्यंत गेले होते आणि परत जाळीकडे वळले होते. मग घागर भरून ती घरी आली.

धनू मडक्यावर वाकली होती. सासूची चाहूल लागताच तिने हात मागे घेतला.

"घे, घे," राजल म्हणाली. "पण आज पुरीकडे नको. आज मावशीकडे जा. रणिंग कालपासून माझ्याकडे बरोबर बघत नाही. आणि त्यांनी विचारलं तर सांग, सासू फार वाईट आहे, खालच्यांच्या नावाने नुसती बोटं मोडते."

"आणि खाली काय सांगू?"

"तेच. फक्त वरच्यांच्या नावाने."

धनू हसली. लोटी ओढणीत गुंडाळून ती निघाली. धावड्यापाशी जाऊन ती उजवीकडेच वळली ना, हे राजलने कुंपणाआडून नीट पाहिलं. मग ती आत आली, आणि मडक्यात, तूप आता जिथे होतं बरोबर तिथे, काजळीची नवी रेघ ओढली.