किडनीपुरता मुलगा

दवाखान्याच्या संडासात मालकाच्या थोरल्या पोरानं माझी मान धरली आणि तोंड टाइल्सवर आपटलं. दोनदा. ओठ फुटला. मग त्यानंच नळ सोडला, माझं तोंड धुतलं, रुमाल हातात कोंबला आणि म्हणाला, "पुन्हा खाली बसलास तर हितंच गाडीन. मुलगा हायेस तू आमच्या अप्पांचा. मुलावानी बस."

माझा गुन्हा एवढाच. आत दवाखान्याच्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला, आणि मी खुर्चीवरून उठून जमिनीवर उकिडवा बसलो. दोन्ही हातांची ओंजळ केली. आमच्या गावात मालकाच्या घरचं पाणी आम्हा मांगवाड्यातल्या माणसांना असंच मिळायचं. ते वरून ओतायचे, आम्ही खालून प्यायचो. चोवीस वर्षं तसं प्यालो होतो. थोरल्यानं गाडीत मला आजा-पणजाची नावं घोकायला लावली, शाळेचं नाव पाठ करून घेतलं. पाणी कसं प्यायचं ते सांगायचं राहिलं.

उमापूरच्या बाजूला आमचं गाव. मी मालकाचा सालगडी, माझा बापही त्यांचाच सालगडी होता. गावात टेलिफोनचा डबा नुकता आला होता, मालकाच्या माडीवर डिश लागली होती, दारात नवी सुमो होती. त्यात मालकाच्या दोन्ही किडन्या गेल्या. बीडच्या डॉक्टरनं सांगितलं, पुण्याला न्या.

पुण्याचं नाव खोटं नव्हतं. काचेची दारं, आरसा वाटावी अशी फरशी. रक्त बाहेर काढून धुऊन परत अंगात घालणारं यंत्र मी तिथंच पाहिलं. बाकावर जालन्याची, लातूरची, नांदेडची माणसं गाठोडी घेऊन बसलेली. एकाची किडनी काढून दुसऱ्याला बसवतात आणि तो माणूस पायानं चालत घरी जातो, हेही मी डोळ्यांनी पाहिलं. तिथले डॉक्टर मला 'तुम्ही' म्हणायचे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी मागं वळून बघितलं, कुणाला म्हणतायत म्हणून.

पण जवळच्या नात्यातल्यानंच किडनी द्यायची, असा कायदा तेव्हा नवा आला होता. मालकाला दोन धडधाकट पोरं. थोरला म्हणाला, मला साखर हाय. साखर त्याला कधीच नव्हती. धाकट्याचं लग्न ठरलेलं. मग धाकट्याचे सगळे कागद काढले आणि फोटो तेवढा माझा चिकटवला. रक्तगट जुळत होता. ज्या अंगाचा विटाळ होत होता, त्या अंगातलं मांस चालत होतं.

मला कुणी विचारलं नाही. ओसरीच्या खाली उभं करून मालक म्हणाले, "चार पिढ्या आमच्या मिठावर जगलाव. आता येळ आली." मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते.

संडासातून मला पुन्हा बाईंच्या खोलीत नेलं. किडनी देणाऱ्या प्रत्येकाशी त्या आधी बोलायच्या. त्यांनी होकार दिला तरच कागद पुढं जायचे. थोरला माझ्याबरोबर आत शिरू लागला. बाई म्हणाल्या, "तुम्ही बाहेर थांबा. मला एकट्याशी बोलायचंय." दार लागलं. त्यांनी माझ्या ओठाकडं पाहिलं आणि सावकाश विचारलं, "तुमच्या वडिलांचं नाव काय?"

घोकलेलं नाव जिभेवर होतं. पण डोळ्यांपुढं माझा बाप आला. चार वर्षांपूर्वी मालकाच्या मळणीयंत्रात त्याचा हात कोपरापर्यंत गेला. तेव्हाही मालकाच्या दारात जीप उभी होती. मालक म्हणाले, "गाद्या रक्तानं भरतील. बैलगाडी जुपा." गेवराईच्या अलीकडंच बाप संपला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. आणि आता त्याच मालकासाठी आम्ही चार-पाच तासांत पुण्यात पोचलो होतो. पुणं इतकं जवळ आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा इतका राग आला.

"किसन," मी म्हणालो. "मेला त्यो. हे माझे वडील न्हाईत. मी ह्यांचा गडी हाय. मला किडनी द्यायची न्हाई."

बाईंनी ते लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं. माझा अंगठा घेतला. मला मागच्या दारानं पाठवते म्हणाल्या. मी नको म्हणालो. मी काही चोरी केली नव्हती.

पुढच्या दारात थोरला आणि त्याची दोन माणसं उभी होती. मला सुमोत कोंबलं. नगर रस्त्याला लागल्यावर, भर दुपारी, एका पडीक शेतात उतरवलं. चाकाचे नट खोलायची टामी घेतली. थोरला म्हणाला, "किडनी ठिवतो का बे? ठिव आता." आणि कमरेवरच मारलं. दुसरीकडं कुठंच नाही. एक बाजू झाली की पालथा करून दुसरी. मी ओरडलो, मग ओरडायचं बंद झालं. ते गेल्यावर मला लघवी झाली ती लालभडक.

एका टेम्पोवाल्यानं उचललं. पुन्हा पुणंच. ह्या वेळी सरकारी दवाखाना, खाली जमिनीवर गादी. तिथल्या पोरसवदा डॉक्टरांनी अकरा दिवस झटून माझ्या दोन्ही किडन्या वाचवल्या. हवालदार आला. म्हणाला, "मोठी माणसं आहेत ती. पडलो म्हणून लिहू?"

"न्हाई," मी म्हणालो. "मारलं म्हनून लिव्हा. तिघांची नावं सांगतो."

चार महिन्यांनी मालक गेले. सगळं गाव म्हणतं, मी मारलं. दोन पोरांच्या अंगात मिळून चार किडन्या होत्या, त्या कुणी मोजल्या नाहीत. मालकाच्या तेराव्यानंतर महिन्याभरात धाकटा बोहल्यावर चढला. आमचं घर त्यांनी ट्रॅक्टर लावून पाडलं. माय भांडी गोळा करत होती, तिला केसाला धरून बांधापर्यंत ओढलं. त्याचीही केस केली आहे. दोन्ही चालू आहेत.

परवा गावचा एक माणूस निरोप घेऊन आला. केस मागं घे, मग घर बांधू देतील. मी त्याला म्हणालो, "जागा माझ्या बापाची हाय. केस चालंल, अन् घरबी व्हईल."

येत्या सोमवारी माय आणि मी गावाकडं निघणार आहोत. पत्रे घेतलेत, बांबू घेतलेत. त्याच जागी खड्डे खणणार. ते येतील, हे मला ठाऊक आहे. मायलाही ठाऊक आहे. तिनं विचारलं, "मारलं तर?"

मी तिला सांगितलं, या वेळी मीही मारीन.